आधी लेन्स जमू द्या, मग परवान्याची तारीख

प्रश्न : वय 31. दोन्ही डोळ्यांना केरॅटोकोनस. चष्मा लावून डाव्या डोळ्याला 6/18 आणि उजव्याला 6/36 दिसतं. आधी छोटी कडक लेन्स घालायचे. दिसायचं छान, पण धूळ गेली की डोळ्यांतून धारा लागायच्या. एकदा गाडी चालवतानाच उजवी लेन्स सरकून पांढऱ्या भागावर गेली. म्हणून आता स्क्लेरल लेन्स बसवून घेते आहे. सकाळी 6/9 दिसतं, दुपारनंतर सगळं धूसर. लेन्स सारखी बदलून येते. घरचे म्हणतात, बसवणाऱ्याला येत नाही, दुसरीकडे जा. परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय आणि नजरेचा दाखला लागणार आहे. जुनीच लेन्स घालून तपासणी देऊन टाकू का? मैत्रीण तर म्हणते, तक्ता पाठ करून जा. आजाराचं नाव सांगितलं तर परवाना कायमचा जाईल, अशी भीती वाटते. सध्या चष्मा लावून फक्त दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर गाडी चालवते.

उत्तर : तुम्हाला न आवडणाऱ्या उत्तरापासून सुरुवात करते. चष्मा लावून गाडी चालवणं आजपासून बंद. दिवसाही नको आणि ओळखीच्या रस्त्यावरही नको.

खासगी गाडीसाठी किमान नजर बऱ्याच देशांत 6/12 धरलेली आहे, म्हणजे चांगल्या नजरेला 12 मीटरवरून वाचता येतं ते 6 मीटरवरून तरी वाचता यावं. युरोपीय संघाच्या नियमात ती दोन्ही डोळे उघडे ठेवून 0.5 अशी लिहिलेली असते, म्हणजे तीच 6/12. ब्रिटनमध्ये 6/12 तर हवीच, शिवाय 20 मीटरवरची नंबरप्लेट वाचता यावी लागते. ही नजर चष्मा किंवा लेन्स लावून मोजतात, त्यामुळे नुसत्या डोळ्याला किती दिसतं याची चिंता नको. पण चष्म्याने तुमचा बरा डोळासुद्धा 6/18 वर अडतोय. म्हणजे चष्मा लावून बसलात की तुम्ही नियमाबाहेर आहात. उद्या काही झालं तर चूक समोरच्याची असली तरी प्रश्न तुमच्या नजरेवर येईल, आणि विम्याचंही त्यात अडू शकतं.

नियम बाजूला ठेवा, रस्त्यावरचा हिशेब बघा. चांगल्या नजरेला जी पाटी 90 मीटरवरून वाचता येते, ती 6/18 वाल्याला 30 मीटरवर आल्यावर वाचता येते. ताशी 60 किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. म्हणजे वाचायला, ठरवायला आणि ब्रेकवर पाय न्यायला मिळून तुमच्या हातात दोन सेकंदही उरत नाहीत. ओळखीच्या रस्त्यावर पाट्या वाचाव्या लागत नाहीत, हे कबूल. पण दोन उभ्या गाड्यांच्या मधून पळत येणारं पोर पाठ करून ठेवता येत नाही. तक्ता पाठ करण्याच्या सल्ल्याबद्दल याहून जास्त काही लिहीत नाही.

आता लेन्सकडे येऊ. घरच्यांचा राग समजू शकते, पण तो बहुधा चुकीच्या माणसावर निघतोय.

केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. मुळात त्याची मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर, त्यातूनच झीज. चष्म्यातला सिलिंडरचा नंबर आडव्या-उभ्या वक्रतेतला सरळसोट फरक भरून काढतो. तुमच्या कॉर्नियाचा उतार मात्र जागोजागी बदलतो. त्यामुळे एका दिव्याचे चार दिवे दिसतात, अक्षराखाली सावली पडते, समोरच्या हेडलाइटला शेपट्या फुटतात, आणि एक डोळा झाकला तरी दुसऱ्याने एकाचे दोन दिसतात. नंबर कितीही बदलला तरी हे जात नाही.

कडक लेन्स त्याच्यावर नवा गुळगुळीत पृष्ठभाग ठेवते आणि मधली फट अश्रूंनी किंवा सलाइनने भरते. खाचखळग्यांच्या जमिनीवर पाणी साचलं की वरून ती सपाट दिसते, तसं. अश्रूंचा अपवर्तनांक 1.336 आणि कॉर्नियाचा 1.376, दोन्ही इतके जवळचे की पुढच्या बाजूचे चढउतार प्रकाशाला फारसे जाणवतच नाहीत. मात्र कॉर्नियाची मागची बाजूही वाकडी झालेली असते, आणि तिला लेन्स काही करू शकत नाही. म्हणून तक्त्यावर 6/9 येऊनही रात्री दिवे थोडे फाटल्यासारखे दिसू शकतात. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरच यायचं आहे.

तुमची आधीची लेन्स कॉर्नियावर बसते. ती शंकूच्या टोकाला जेमतेम टेकवायची आणि बाजूंनाही हलका आधार द्यायचा, अशी ती बसवतात. हे जमलं तर लेन्स वर्षानुवर्षं छान चालते, आणि ती वापरून बिनघोर गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. पण टोकावर भार जास्त पडला तर तिथे ओरखडे येतात, पुढे व्रणाचा डागही राहू शकतो. भार कमी केला की लेन्स सैल पडून सरकते. तुमची सरकली ती अशीच असावी. जुनी लेन्स घालून तपासणी देऊ का, याचं उत्तर यातच आलं. तक्ता तुम्ही वाचाल, त्यात शंका नाही. पण जी लेन्स स्टिअरिंगवर असताना एकदा जागा सोडून गेली, तिच्यावर पुढची काही वर्षं गाडी चालवायचा परवाना घ्यायचा का? मी घेणार नाही. ती टाकून मात्र देऊ नका. आतून मऊ लेन्स आणि तिच्यावर कडक, अशी जोडी करून ती खुपायची थांबते का, सरकायची थांबते का, हे बसवणाऱ्याला विचारून ठेवा. अडीनडीला उपयोगी पडेल, अर्थात आजच्या कॉर्नियावर ती अजून नीट बसते का हे तपासून.

स्क्लेरल लेन्स मोठी असते. ती कॉर्नियाला स्पर्शच करत नाही. त्याच्यावरून कमान टाकून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. आत सलाइनचं तळं. धूळ खाली जात नाही, लेन्स सहसा सरकत नाही, मान वळवून आरशात पाहिलं तरी ती जागची हलत नाही. गाडी चालवणाऱ्याला हवं ते सगळं यात आहे. पण बसवायला किचकट. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बसवणारा हिरव्या रंगाने भरलेल्या त्या तळ्याची जाडी बघत असतो. लेन्स जागेवर बसल्यावर मध्यभागी साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर फट हवी. कमी पडली तर टोक घासतं, जास्त झाली तर आत कचरा साचतो आणि कॉर्नियाला प्राणवायू कमी पोचतो. शिवाय घातल्यावर पहिल्या काही तासांत लेन्स पांढऱ्या भागात हळूहळू रुतते आणि फट सुमारे 0.1 मिलिमीटरने घटते. सकाळी अचूक दिसणारी लेन्स संध्याकाळी टेकलेली निघते ती यामुळे. डोळ्याचा पांढरा भागही गोल नसतो. नाकाकडची बाजू आणि कानाकडची बाजू वेगळी. कडा एकीकडे दाबली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पांढऱ्या पडतात, दुसरीकडे उचलली की तिथून बुडबुडा किंवा घाण आत जाते. हे सगळं पहिल्याच लेन्समध्ये जुळलं तर मी त्याला नशीब म्हणेन. आणि दोन्ही डोळ्यांना हे वेगवेगळं करायचं असतं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित कुणी सांगितली नसेल. कडक लेन्स बरेच दिवस वापरली की कॉर्निया तिच्या दाबाने थोडा चपटा होतो. ती सोडल्यावर तो आठवड्या-आठवड्याने मूळ आकाराकडे सरकत राहतो. तुमची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, जुनी लेन्स काढल्या-काढल्या केली असेल, तर पहिली स्क्लेरल लेन्स एका कॉर्नियासाठी बनली आणि बसली दुसऱ्यावरच. कडक लेन्स सोडल्यानंतर दोन ते चार आठवडे थांबून मोजमाप घेणं चांगलं. तसं झालं होतं का, हे विचारा. झालं नसेल तर आता नव्याने टोपोग्राफी करून घ्या. नव्या माणसाकडे गेलात तरी हे सगळं पहिल्यापासून सुरू होईल. माझं मत : फट किती आहे, कड कुठे दाबते, या वेळी नेमकं काय बदललं, हे तो विचारल्यावर नीट सांगत असेल तर तिथेच राहा. “वापरा, सवय होईल” एवढंच उत्तर येत असेल, तर मात्र जरूर बदला.

दुपारच्या धूसरपणाचं आधी मूळ शोधायला हवं. तो लेन्सच्या बाहेरच्या बाजूला आहे की आतल्या? धूसर झालं की लेन्सला चालणाऱ्या थेंबांपैकी, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला, एक थेंब टाका आणि तीन-चारदा पापण्या मिटा. स्वच्छ झालं तर थर बाहेरून आहे : लेन्सचा पृष्ठभाग ओला राहत नाही, पापण्यांच्या ग्रंथी तेलकट आहेत, किंवा लेन्स लावताना हातांना क्रीम होतं. काहीच फरक पडला नाही, पण लेन्स काढून ताजं सलाइन भरून घातल्यावर लख्ख झालं, तर गढूळपणा आतल्या तळ्यात आहे. मग उपाय बसवणाऱ्याकडे : फट थोडी कमी करणं, कड डोळ्याच्या उंचसखलपणाप्रमाणे बाजूबाजूने वेगळी घडवणं, भरताना सलाइनमध्ये थोडे दाट थेंब मिसळणं. अॅलर्जीची खाज असेल तर तिचा इलाज आधी, कारण अॅलर्जीत डोळ्यातून चिकट स्राव जास्त येतो. यातलं काहीच पुरेसं पडलं नाही, तर दुपारी एकदा लेन्स काढून धुऊन पुन्हा भरायची. स्क्लेरल वापरणारे कित्येक जण रोज एवढं करतात आणि त्यांचं उत्तम चालतं.

एक करा. पुढची भेट सकाळची घेऊ नका. सकाळी लेन्स घाला, दिवसभर वापरा, दुपारी चार-पाचच्या सुमाराला डोळ्यात धूसर लेन्स असतानाच जा. बसवणाऱ्याला जे दिसायला हवं ते तेव्हाच दिसतं. सकाळच्या 6/9 वर तुमचा दाखला बनेल, गाडी मात्र संध्याकाळी घरी यायला लागते.

भरायला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइनच वापरा. नळाचं पाणी लेन्सला, डबीला, कशालाच लावू नका. त्यातल्या अकांथामीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग एकदा डोळ्यात गेला की महिनोन्‌महिने छळतो. लेन्स काठोकाठ भरायची, मान पूर्ण खाली, चेहरा जमिनीला समांतर. मान अर्धवट वाकवली की बुडबुडा आत राहतो आणि नजरेच्या मध्ये येऊन बसतो. काढताना रबरी सक्शन मध्यभागी न लावता खालच्या कडेजवळ लावा. मध्यभागी लावून ओढलं तर लेन्स डोळा सोडत नाही आणि दुखतं.

तुमच्या पत्रात क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या प्रक्रियेचा, उल्लेख नाही. वयाची तिशी ओलांडल्यावर हा आजार बहुतेकांत मंदावतो, पण प्रत्येकात थांबतोच असं नाही. गेल्या वर्षभरातले टोपोग्राफीचे नकाशे शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, शंकू वाढतोय का. वाढत असेल तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून करायची ती प्रक्रिया लेन्सच्या आधी यायला हवी. तिने आजार थोपवला जातो. चष्मा-लेन्स सुटत नाही. प्रक्रियेनंतर काही आठवडे लेन्स बंद राहते आणि कॉर्नियाचा आकारही थोडा बदलतो, म्हणजे आज बनवलेली लेन्स वाया. आणि डोळे चोळता का? चोळत असाल तर थांबवा, झोपेतून उठल्यावरचं चोळणंही. आजार वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्यांत ही सगळ्यात वरची.

नजरेच्या दाखल्याला जाताना लेन्स घालून जा आणि लेन्स घातली आहे हे आधी सांगा. परवान्यावर “चष्मा किंवा लेन्ससह” अशी अट येईल. युरोपात तिच्यासाठी 01 हा आकडा छापतात. चष्म्याने तुमची नजर नियमात बसत नसल्यामुळे अट लेन्सचीच असली पाहिजे, तशी नोंद करायला सांगा. लेन्सवर 6/9 येत असूनही उरलेला थोडा नंबर वरून चष्म्याने भरला तर आणखी स्पष्ट दिसतं का, हेही बसवणाऱ्याकडून आधी बघून घ्या. काहींना लेन्स आणि वर पातळ चष्मा असं मिळून सगळ्यात छान दिसतं.

आजाराच्या नावाचं. दाखला देणारा मोजतो ती नजर आणि दृष्टिक्षेत्र. युरोपीय नियमात आडवं क्षेत्र किमान 120 अंश लागतं, आणि केरॅटोकोनसने सहसा क्षेत्राला धक्का लागत नाही. खासगी गाडीच्या परवान्याचा निकाल आजाराच्या नावावर लागत नाही, लेन्स घालून किती दिसतं यावर लागतो. तेव्हा फॉर्मवर विचारलं असेल तर स्पष्ट लिहा, सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र जोडा : आजार कोणता, कोणत्या लेन्सने किती दिसतं, पुन्हा तपासणी कधी. लपवून घेतलेला परवाना पुढे उघड झाला की तोच प्रश्नात येतो. बस किंवा ट्रकसाठी मात्र निकष कडक असतात. युरोपात चांगल्या डोळ्याला 0.8, म्हणजे 6/7.5, लागते. तुम्हाला तसला परवाना नको आहे, म्हणून ते सोडून देते.

परवाना हातात आल्यावरही पहिल्या दिवशी रात्रीची गाडी काढू नका. तक्ता पांढऱ्यावर काळा असतो, खोलीत उजेड भरपूर. पावसाळी संध्याकाळी करड्या रस्त्यावरचा करडा माणूस त्या परीक्षेत कुठेच नसतो. आधी काही संध्याकाळी दुसऱ्याच्या शेजारी बसून जा. पाट्या तुम्ही वाचा, चालवणाऱ्याच्या आधी वाचता येतात का बघा, समोरून दिवे आल्यावर रस्त्याची कड किती वेळ हरवते ते बघा. ती नीट दिसत असेल तर मग दिवसा, मग सांजवेळी, मग रात्री. नवी लेन्स रोज सलग आठ-दहा तास बिनतक्रार राहू लागेपर्यंत लांबचा प्रवास नको.

पिशवीत नेहमी जादा सलाइन, सक्शन, डबी आणि जमलं तर जादा लेन्स ठेवा. उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. वाटेत एक लेन्स धूसर झाली किंवा निखळली तर दुसऱ्या डोळ्यावर निभावून घर गाठायचं नाही. अचानक एका डोळ्यावर आलं की अंतराचा अंदाज चुकतो. गाडी बाजूला घ्या, लेन्स धुऊन भरा, आणि नाहीच जमलं तर चावी दुसऱ्याकडे द्या. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा किंवा अचानक पांढुरका झाला तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राहिले दोन महिने. एवढ्यात लेन्स जमेलही, पण तारखेसाठी घाई करून अर्धवट बसलेली लेन्स पक्की करू नका. परवाना कार्यालयात याच आठवड्यात विचारा : मुदत उलटल्यावर किती दिवसांत नूतनीकरण करता येतं, नजरेचा दाखला किती जुना चालतो. उशिराला परवानगी असेल तर तारीख सरळ पुढे ढकला आणि तोवर दुसऱ्या कुणाला चालवू द्या. नसेल तर ते बसवणाऱ्याला आजच सांगा, म्हणजे तो पुढच्या भेटी जवळ-जवळ ठेवेल आणि उजव्या डोळ्यापाशी न अडता आधी डावा पुरा करेल. दोन्ही डोळे मिळून मोजणाऱ्या ठिकाणी एका डोळ्याची स्थिर 6/9 दाखल्यापुरती सहसा पुरते. उजवा मागाहून येऊ द्या. तो येईपर्यंत गाडी मात्र उभीच राहू द्या.